ग्लासगोचा बाजार, पूर्वेकडून पश्चिमेकडे

ग्लासगोत खरेदीला कुठे जायचं, असं हॉटेलातल्या माणसाला विचारा, टॅक्सीवाल्याला विचारा, नाहीतर विद्यापीठात आधीपासून शिकणाऱ्या एखाद्या पोराला विचारा. तिघंही ब्युकॅनन स्ट्रीटच सांगतील. रस्ता देखणा आहे, गाड्यांना बंदी आहे, दोन्ही बाजूंना ओळीने दुकानं आहेत. पण दोन पिशव्या भरून बाहेर पडल्यावर पाहुण्याच्या लक्षात येतं, की यातलं निम्मं सामान लंडनला, दुबईला आणि खरं सांगायचं तर पुण्याच्या मॉलमध्येही मिळालं असतं. खास ग्लासगोचं म्हणावं असं आणि खिशाला परवडणारं असं जे काही आहे, ते या रस्त्याच्या आजूबाजूला मैल-दोन मैलांत विखुरलेलं आहे. ते कुठे सापडेल हे ओळखायला एक ठोकताळा पुरतो: या शहरात नदीच्या उत्तरेला पूर्वेकडून पश्चिमेकडे जावं तशा किमती चढत जातात.

याचं मूळ बरंचसं वाऱ्यात आहे. इथला वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून येतो. एकोणिसाव्या शतकात क्लाइड नदीच्या आसपास लोखंडाच्या भट्ट्या, कापडगिरण्या, रंगाचे कारखाने दिवसरात्र धूर ओकत, आणि तो धूर पूर्वेकडच्या वस्त्यांवर जाऊन बसे. ज्याला परवडलं तो पश्चिमेला सरकला. त्याआधीच ही वाट पडलेली होती. जुनं गाव कॅथेड्रल आणि हाय स्ट्रीटभोवती होतं. अठराव्या शतकात व्हर्जिनियाच्या तंबाखूवर, म्हणजे तिथल्या गुलामांच्या कष्टावर, गबर झालेल्या व्यापाऱ्यांनी त्याच्या पश्चिमेला हवेल्या बांधल्या. तीच आजची मर्चंट सिटी. ब्युकॅनन हे आडनावही अशाच एका तंबाखूवाल्याचं. पुढे १८७० मध्ये खुद्द विद्यापीठच हाय स्ट्रीट सोडून पश्चिमेच्या टेकडीवर गेलं. दुकानदार गिऱ्हाइकाच्या मागे जातो, तसा बाजारही सरकत गेला. भट्ट्या विझून जमाना झाला, पण भाड्यांचा उतार अजून त्याच दिशेचा आहे.

आधी मधला बाजार बघून घेऊ, कारण स्टेशनातून बाहेर पडलं की पाय तिथेच लागतात. सॉकीहॉल स्ट्रीट, ब्युकॅनन स्ट्रीट आणि आर्गाइल स्ट्रीट हे तीन रस्ते मिळून नकाशावर इंग्रजी झेड अक्षर होतं. वरची आडवी रेघ सॉकीहॉल, मधली ब्युकॅनन, खालची आर्गाइल. जाहिरातीत याला ‘स्टाइल माइल’ म्हणतात. नुसतं चालायचं तर अर्धा-पाऊण तास; दुकानांत शिरलात तर दिवस गेला.

ब्युकॅनन स्ट्रीटच्या वरच्या टोकाला ब्युकॅनन गॅलरीज हा मॉल आहे, १९९९ चा, त्यात जॉन लुइस हे मोठं डिपार्टमेंट स्टोअर. घरगुती वस्तू, पडदे, चादरी, लहान मुलांचं सामान असं एका छपराखाली हवं असेल तर सोयीचं, एरवी इतर मॉलसारखा मॉल. खाली उतरत गेलं की डाव्या हाताला प्रिन्सेस स्क्वेअर लागतं. १८४१ च्या इमारतीच्या चौकावर १९८० च्या दशकात काचेचं छप्पर घालून आत जिने, गॅलऱ्या, नक्षीचं लोखंडकाम केलं. दर्शनी भागावर धातूचा भलामोठा मोर पंख पसरून बसला आहे. २०१६ मध्ये लोकांनी शंभर वर्षांतली स्कॉटलंडमधली सर्वांत आवडती इमारत म्हणून याला कौल दिला. आतल्या किमती मोराला शोभतील अशाच आहेत. पाऊस आला की आत शिरावं, मान वर करून छप्पर बघावं, कॉफी प्यावी. काही विकत घेतलंच पाहिजे असं नाही.

रस्त्याच्या खालच्या टोकाला, आर्गाइल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, १८४९ मध्ये ह्यू फ्रेझर आणि जेम्स आर्थर यांनी कापडाचं दुकान काढलं. त्याचंच पुढे हाउस ऑफ फ्रेझर झालं आणि १९५९ मध्ये या ग्लासगोच्या कंपनीने लंडनचं हॅरॉड्स विकत घेतलं. इथल्या जुन्या लोकांना ही गोष्ट सांगायला फार आवडतं, आणि का आवडू नये!

या कोपऱ्याच्या अलीकडे भिंतीत एक दार आहे, ते मात्र चुकवू नका. आत आर्गाइल आर्केड आहे: १८२७ सालची, काचेच्या छपराखालची काटकोनात वळणारी गल्ली. एक तोंड ब्युकॅनन स्ट्रीटला, दुसरं आर्गाइल स्ट्रीटला. स्कॉटलंडमधली ही सर्वांत जुनी झाकलेली बाजारगल्ली, आणि आत जवळजवळ सगळी जवाहिऱ्यांची दुकानं, तिसाच्या वर. शहरातल्या कितीतरी पिढ्यांच्या साखरपुड्याच्या अंगठ्या इथून गेल्या आहेत. आपल्याकडच्या माणसाने आत पाऊल टाकण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. काउंटरवर ‘गोल्ड’ म्हणून जे मांडलेलं असतं ते बरंचसं ९ कॅरेटचं असतं, म्हणजे शंभरात साडेसदतीस भाग सोनं. त्यावर ३७५ हा आकडा ठोकलेला असतो. १८ कॅरेटवर ७५०, आणि आपल्या ओळखीच्या २२ कॅरेटवर ९१६. एक ग्रॅमपेक्षा जास्त वजनाच्या सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क सक्तीचा आहे. स्कॉटलंडमधली खूण एडिनबरोच्या कचेरीची, किल्ल्याची. शिवाय किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो, आणि आपल्याकडे सोन्यावर ३ टक्के जीएसटी. तेव्हा सोनं म्हणून सोनं घ्यायला ही जागा नाही. नाजूक घडणीची अंगठी, जुन्या धाटणीचं लॉकेट, ब्रूच आवडलं तर अवश्य घ्यावं. हिरा घेतलात तर त्याला पैलू सुरतेत पडले असण्याचीच शक्यता जास्त.

आर्केडमधून उलट दिशेला, रॉयल एक्स्चेंज स्क्वेअरमध्ये डोकावून या. तंबाखूवाल्या विल्यम कनिंगहॅमच्या १७७८ च्या हवेलीत आता आधुनिक कलेचं संग्रहालय आहे आणि समोर घोड्यावर ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याच्या डोक्यावर रस्त्याच्या कामात वापरतात तसला नारिंगी-पांढरा शंकू. १९८० च्या दशकापासून रात्री कुणीतरी वर चढून तो ठेवतं. पालिका काढते, दुसरा येतो. २०१३ मध्ये चौथरा उंच करून हा प्रकार थांबवायचा विचार पालिकेने बोलून दाखवला, तर नागरिकांनी एवढा गिल्ला केला की बेत सोडून द्यावा लागला. आता शंकू घातलेल्या वेलिंग्टनची चित्रं मगांवर, टॉवेलांवर, बिल्ल्यांवर विकली जातात. स्मरणवस्तू घ्यायचीच असेल तर ती ही. टार्टन कपडे घातलेल्या अस्वलापेक्षा पुष्कळ बरी. आणि मराठी माणसाला यात एक जास्तीचा रस आहे: हा ड्यूक म्हणजे १८०३ मध्ये जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. चौथऱ्यावरच्या कांस्यपटांत वॉटर्लूबरोबर असईची लढाईही कोरली आहे.

आर्गाइल स्ट्रीट ही मधल्या बाजाराची स्वस्त बाजू. प्रायमार्कचं मोठं दुकान इथेच. सप्टेंबरात नव्याने उतरलेले विद्यार्थी पहिल्या आठवड्यात इथे रांगा लावतात: मोजे, थर्मल, टॉवेल, उशी. त्याला हरकत नाही, मात्र पावसाचं जाकीट इथून घेऊ नये. ग्लासगोचा पाऊस आडवा येतो, छत्री वाऱ्याने उलटी होते, आणि ज्यावर ‘शॉवरप्रूफ’ लिहिलंय ते जाकीट पंधरा मिनिटांत हार मानतं. ‘वॉटरप्रूफ’ शब्द आणि शिवणींवर आतून चिकटवलेली पट्टी, या दोन गोष्टी बघून ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानातून घ्यावं. ट्रेसपास ही कंपनी तर ग्लासगोचीच आहे आणि तिच्या दुकानांत सवलतींचे फलक नेहमीच लागलेले असतात. आर्गाइल स्ट्रीटच्या दक्षिणेला सेंट एनॉक सेंटर, १९८९ चा काचेचा डोंगर. इथे पूर्वी रेल्वे स्टेशन होतं. त्याच्या मागच्या हॉवर्ड स्ट्रीटवर स्लेटर्स हे पुरुषांच्या सुटांचं अवाढव्य दुकान आहे. नोकरीच्या मुलाखतीसाठी सूट हवा असेल तर आधी तिथे मापं देऊन यावं, मग इतरत्र भाव करत बसावं.

सॉकीहॉल स्ट्रीटबद्दल काय बोलावं! एके काळी शहराची खरी शान हा रस्ता होता. २१७ क्रमांकाला चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या वास्तुकाराने १९०३ मध्ये मिस क्रॅन्स्टनसाठी सजवलेलं चहाघर आहे, खुर्चीच्या पाठीपासून दाराच्या काचेपर्यंत सगळं त्याच्या कल्पनेतलं. २०१८ मध्ये ते डागडुजी होऊन पुन्हा उघडलं. त्याच वर्षी रस्त्यावर आणि जवळच्या कला विद्यालयात दोन मोठ्या आगी लागल्या, कितीतरी महिने भाग बंद राहिला. त्याआधी २०१६ मध्ये बीएचएस हे डिपार्टमेंट स्टोअर गेलं होतं, मग वॉट ब्रदर्स, आणि २०२२ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरनेही इथलं दुकान बंद केलं. ऑनलाइन खरेदीने घाव घातला, शहराबाहेरच्या मॉलांनी मीठ चोळलं. आज जुन्या आठवणींपायी कुणी सॉकीहॉल स्ट्रीटला खरेदीला जा म्हणालं तर हसून मान डोलवावी. चहाघरापुरतं जाऊन यावं.

आता पूर्वेला. आर्गाइल स्ट्रीट सरळ पुढे धरला की ट्रॉनगेट लागतं, मग चौकातला मनोरा, आणि त्यापुढे गॅलोगेट आणि लंडन रोड या दोन रस्त्यांच्या बेचक्यात बॅरास. हा बाजार फक्त शनिवार-रविवारी भरतो. हातगाडीवर माल विकणाऱ्या गरिबांना मार्गरेट मॅकाइव्हर, सगळ्यांची मॅगी, आणि तिचा नवरा हातगाड्या भाड्याने देत. पुढे त्यांनी जागा घेऊन बाजारच उभारला आणि १९२० च्या दशकात त्यावर छप्पर आलं. दर नाताळला ती फेरीवाल्यांना जेवण आणि नाच द्यायची. एका वर्षी हॉल मिळाला नाही म्हणून तिने स्वतःचंच नाचघर बांधायचं ठरवलं, असं सांगतात. तेच १९३४ चं बॅरोलँड. आग लागून पुन्हा बांधलेल्या या सभागृहात आज जगभरचे बँड वाजवायला येतात, आणि त्याची निऑनची पाटी ही शहराची ओळख झाली आहे.

बॅरासमध्ये काय मिळतं याची यादी करता येत नाही, कारण दर आठवड्याला माल वेगळा. जुनी हत्यारं, चिनी मातीच्या बशा, ग्रामोफोनच्या तबकड्या, कुणाच्या तरी आजोबांची युद्धातली पदकं, लेदरची जाकिटं, आरसे, कपाटं. इथे घासाघीस चालते, पण आपल्या पद्धतीने निम्म्यावर सुरुवात केली तर विक्रेता तोंड फिरवील. पंधरा-वीस टक्के खाली मागावं, हसत मागावं, हवापाण्यावर दोन शब्द बोलून मागावं. ग्लासगोच्या माणसाला गप्पा मारलेल्या आवडतात आणि त्याची बोली पहिल्या दिवशी अर्धीच कळते. पुन्हा सांगा म्हटलं की तो रागावत नाही. खिशात सुट्टी रोकड ठेवावी. आणि ब्रँडचं नाव असलेला बूट किंवा अत्तर फारच स्वस्तात दिसलं तर ते नकली आहे असंच धरावं. पोलिसांनी इथे अशा मालावर वेळोवेळी धाडी घातल्या आहेत.

पश्चिमेला जायचं तर भुयारी रेल्वे. १८९६ मध्ये सुरू झालेली ही जगातली लंडन आणि बुडापेस्टनंतरची तिसरी जुनी. हिला फाटे नाहीत, ती फक्त गोल फिरते, पंधरा स्टेशनं, एक फेरी साधारण चोवीस मिनिटांची. बाहेरच्या वर्तुळाची गाडी घड्याळाच्या काट्याप्रमाणे, आतल्या वर्तुळाची उलटी. चुकीच्या बाजूला बसलात तरी हरवत नाही, पोचायला उशीर होतो इतकंच. रविवारी ती लवकर बंद होते, हे तेवढं लक्षात ठेवा. ब्युकॅनन स्ट्रीटहून हिलहेडला उतरलं की तुम्ही बायर्स रोडवर असता.

इथे विद्यापीठ, प्राध्यापक, डॉक्टर, बीबीसीतले लोक. त्यामुळे चीजची दुकानं, फुलवाले, हाताने केलेल्या साबणांची दुकानं. क्रेसवेल लेनमधल्या डी कूर्सीज आर्केडमध्ये जुने दागिने, कपडे, पोस्टर विकणारी खोकेवजा दुकानं आहेत. पण वेस्ट एंडला जाण्याचं खरं कारण म्हणजे धर्मादाय दुकानं. ती चालतात कशी ते समजून घेण्यासारखं आहे.

ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, शेल्टर अशा संस्था लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकतात आणि नफा आपल्या कामाला लावतात. माल फुकट येतो, काउंटरवर बहुतेक स्वयंसेवक, स्थानिक मालमत्ता करात ८० टक्के सूट, आणि दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅट शून्य. म्हणून लोकरीचा कोट इथे नव्याच्या पाव किमतीत मिळू शकतो. आता वरचा ठोकताळा पुन्हा लावा: श्रीमंत मोहल्ल्यातले लोक दान काय देणार? चांगलं. बायर्स रोडवरच्या दुकानात काश्मिरी लोकरीचा स्वेटर, न वापरलेला हॅरिस ट्वीडचा कोट, ब्रँडेड बूट निघतात. किंमत पूर्वेकडच्या दुकानापेक्षा थोडी जास्त, पण मालाच्या मानाने काहीच नाही. आपल्याकडे दुसऱ्याचे उतरलेले कपडे घालायला मन धजत नाही, आणि सहा महिन्यांच्या आत तोच विद्यार्थी ‘हा ऑक्सफॅमचा’ म्हणून मित्रांना कोट दाखवत असतो. हार्ट फाउंडेशनची काही दुकानं फक्त फर्निचर आणि तपासून घेतलेल्या विजेच्या वस्तूंची आहेत. टेबल, मायक्रोवेव्ह, पलंग तिथे बघावा. मे-जूनमध्ये विद्यार्थी शहर सोडतात तेव्हा या दुकानांत मालाचा पूर येतो, सप्टेंबरात तो आटतो. उन्हाळ्यात येणाऱ्याने याचा फायदा घ्यावा.

पुस्तकवेड्यांनी बायर्स रोडच्या ऑक्सफॅम बुकशॉपनंतर ग्रेट वेस्टर्न रोडवर कॅलेडोनिया बुक्स आणि मग ओटॅगो लेनमध्ये व्होल्टेअर अँड रूसो अशी फेरी करावी. शेवटच्या दुकानात पुस्तकं जमिनीपासून ढीग लावून ठेवलेली आहेत, हवं ते पुस्तक मिळेलच असं नाही, नको असलेली चार मात्र हमखास मिळतात.

नदी ओलांडली की पूर्व-पश्चिमेचा हिशेब संपतो आणि डाळ-तांदळाचा सुरू होतो. ग्लासगो सेंट्रलहून लोकल पकडून पोलॉकशील्ड्स ईस्टला उतरावं; स्टेशन थेट आल्बर्ट ड्राइव्हवर आहे. पुढे गोव्हनहिलमध्ये अ‍ॅलिसन स्ट्रीट. इथल्या दक्षिण आशियाई वस्तीत पाकिस्तानी पंजाबी बहुसंख्य, त्यामुळे दुकानांची चवही तीच: दहा किलोची आट्याची गोणी, बासमती, मसूर, मूग, हिरवी मिरची, कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, हलाल मटण, मिठाई, सलवार-कमीझचं कापड. सुपरमार्केटात चिमूटभर जिरं ज्या किमतीला बाटलीत घालून विकतात, तेवढ्यात इथे पाव किलोच्या घरात जिरं येतं. तूरडाळ, गूळ, बेसन, रवा मिळतो. गोडा मसाला आणि कोकम यांची आशा धरू नये, ते घरून आणावं. उन्हाळ्यात दुकानांपुढे पाकिस्तानी चौशाच्या पेट्या रचलेल्या दिसतात. आंबा उत्तम असतो. हापूसचा विषय तिथे काढू नये, वाद वाढतो. वेस्ट एंडला राहणाऱ्यांना एवढं लांब जायचं नसेल तर वुडलँड्स रोडवर केआरके आहे, वाणसामानाचं जुनं दुकान.

भांडी घेताना आधी घरातली शेगडी बघा. बऱ्याच घरांत गॅस नाही, विजेची सपाट शेगडी किंवा इंडक्शन आहे. भारतातून आणलेला साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, प्लग मात्र चौकोनी तीन पिनांचा.

आल्बर्ट ड्राइव्हवर आलाच आहात तर ट्रॅमवे बघून घ्या. ट्रामगाड्यांचा हा जुना डेपो पाडायचं घाटत होतं. १९८८ मध्ये नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रूक आपलं नऊ तासांचं ‘महाभारत’ घेऊन आला, त्याला दुसरी कुठलीच जागा पुरेना, ही पुरली, आणि इमारत वाचली. आज ते मोठं कलाकेंद्र आहे, मागे सुरेख बाग आहे, सामानाच्या पिशव्या टेकवून बसायला बरी.

शहराबाहेरच्या मॉलांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ब्रेहेड, सिल्व्हरबर्न आणि ग्लासगो फोर्ट हे तिन्ही गाडी असणाऱ्यांसाठी. आयकिया ब्रेहेडला असल्यामुळे नवीन घर मांडणाऱ्याला एकदा तिकडे जावंच लागतं. बावीस वर्षांखालच्या आणि स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मुलांना बसचा प्रवास फुकट आहे, परदेशी विद्यार्थ्यांनाही. त्याचं कार्ड आल्या आल्या काढून घ्यावं.

घरी न्यायला काय? लोकर. पण नीट वाचून. ब्युकॅनन स्ट्रीटच्या आसपास ‘स्कॉटिश’ म्हणून विकली जाणारी स्वस्त टार्टन मफलर कधी अ‍ॅक्रिलिकची असते, कधी भलत्याच देशातली. लेबलावर ‘शंभर टक्के लॅम्सवूल’ आणि ‘मेड इन स्कॉटलंड’ हे दोन्ही असेल तरच घ्या. काश्मिरी लोकरीचा धागा मुळात चीन-मंगोलियातल्या बकऱ्यांचा असतो, सूतकताई आणि विणकाम स्कॉटलंडमधलं. म्हणून इथेही देश बघावा. हॅरिस ट्वीडला तर १९९३ चा स्वतंत्र कायदा आहे: आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकराच्या घरी, हातमागावर विणलेलं असेल तरच त्यावर गोल आणि क्रूसाची खूण लागते. खरा किल्ट आठ वार लोकरीचा असतो आणि काही शे पौंडांना पडतो, त्यामुळे स्थानिक लोकसुद्धा लग्नाला तो भाड्याने आणतात. तुम्हीही तसंच करा. आणि ग्लासगोच्या पश्चिमेला लागूनच पेझली आहे. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींची नक्कल करून तिथल्या विणकरांनी आपली कोयरी जगभर नेली, इतकी की युरोपात ती पेझलीचीच झाली. शालींची फॅशन गेली तशी तिथे शिवणाच्या दोऱ्याच्या गिरण्या वाढल्या. आपल्याकडच्या मदुरा कोट्समधले कोट्स ते या पेझलीचे.

खाऊ सुपरमार्केटात घ्यावा. टनॉक्सची कॅरमेल वेफर आणि टीकेक बघा; टनॉक्स ही शहराच्या वेशीवरच्या अडिंग्स्टन गावची, १८९० पासूनची बेकरी. टीकेकमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, शुद्ध शाकाहारींनी वेफर घ्यावी. यांच्या ‘स्नोबॉल’वरून कराचा खटलाही झाला: केक असेल तर व्हॅट शून्य, चॉकलेट लावलेलं बिस्किट किंवा मिठाई असेल तर २० टक्के. २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने स्नोबॉल चाखून पाहिले आणि केक ठरवले.

व्हॅटचा विषय निघालाच आहे. फलकावरच्या किमतीत तो धरलेला असतो, वर काही चढत नाही. पूर्वी परदेशी पाहुण्यांना विमानतळावर तो परत मिळे. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ही सोय बंद आहे. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून कुणी पावत्यांची चळत सांभाळत बसतात, त्यांना वाईट वाटतं. लहान मुलांचे कपडे आणि बूट, पुस्तकं आणि बहुतेक धान्य-भाजी यांवर मात्र व्हॅट शून्य. अंगाने बारीक आणि पायाने लहान असलेल्या माणसांनी बूट आधी मुलांच्या विभागात घालून बघावेत, कंपनी तीच, कर नाही.

व्हिस्कीचं गणित स्कॉटलंडमध्ये वेगळं आहे. इथे मद्याला किमान दराचा कायदा आहे: सप्टेंबर २०२४ पासून दर युनिटला ६५ पेन्स. ७०० मिलिलिटरच्या, ४० टक्क्यांच्या बाटलीत २८ युनिट असतात, म्हणजे १८ पौंड २० पेन्सच्या खाली ती कुणालाच विकता येत नाही. म्हणून अगदी स्वस्त बाटली शोधत हिंडण्यात अर्थ नाही. नावाजलेल्या सिंगल माल्टची सवलत मात्र पर्यटकांच्या दुकानापेक्षा सुपरमार्केटात जास्त सापडते. दुकानातून मद्य सकाळी दहा ते रात्री दहा एवढ्याच वेळात मिळतं, पंचवीसपेक्षा लहान दिसलात तर ओळखपत्र मागतात. भारतात विनाशुल्क दोन लिटरच नेता येतं.

पिशवी घरून न्या. विकतची किमान दहा पेन्सना पडते. सुट्टे म्हणून मिळालेल्या नोटांवर बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक किंवा क्लाइड्सडेल बँकेचं नाव दिसलं तर घाबरू नका, तिन्ही खऱ्या आहेत. फक्त त्या स्कॉटलंडमध्येच खर्चून टाका, बाहेरचा दुकानदार उलटसुलट करून बघत बसतो.

परत करण्याचा नियमही एकदा नीट समजून घ्यावा. वस्तू सदोष निघाली तर तीस दिवसांत पूर्ण पैसे परत मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. नुसतं मन बदललं, रंग आवडला नाही, तर तसा हक्क दुकानातल्या खरेदीला नाही. बहुतेक मोठी दुकानं आपण होऊन अठ्ठावीस-तीस दिवस देतात, पण ती त्यांची मर्जी, पावतीमागे छापलेली. ऑनलाइन खरेदीला मात्र वस्तू हातात पडल्यापासून चौदा दिवसांत कारण न सांगता मोडता येते. धर्मादाय दुकानात आणि बॅरासमध्ये घालून बघून, उजेडात धरून बघूनच घ्यावं.

वेळ सांभाळा. डिसेंबरात पावणेचारलाच अंधार पडतो आणि दुकानं संध्याकाळी सहा-सातला आवरतात. मधल्या बाजारात गुरुवारी ती जरा जास्त वेळ उघडी असतात. इंग्लंडमध्ये रविवारी मोठ्या दुकानांना सहाच तास मुभा असते, स्कॉटलंडमध्ये तसा कायदा नाही. नाताळच्या दिवशी मोठी दुकानं कायद्यानेच बंद, २६ डिसेंबरपासून सेल सुरू. नववर्षाची सुट्टी इथे एक नाही, दोन दिवसांची, १ आणि २ जानेवारी. तेव्हा दूध, ब्रेड आणि भाजी ३१ तारखेला दुपारीच आणून ठेवलेली बरी.